कात्री, खळ आणि पुढची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बहात्तर, छापखान्याच्या बांधणी खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. कोणी बाजूला बसून सांगत नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझं डोकं ठिकाणावर आहे. असं सगळेच लिहितात, पण मजजवळ डॉक्टरांचा तसा दाखला आहे. तो मी मागितलेला नव्हता. माझ्या मुलाने मला तपासायला नेलं म्हणून मिळाला. सोबत टाचला आहे.

१. बँकेतली ठेव मुलाला द्यावी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

२. माझी हत्यारं, म्हणजे मोठी कात्री, पोलादी पट्टी, दाभण आणि घडी दाबायची हाडाची पट्टी, ही माझ्या पश्चात सुनेची. मुलाने ती डबे उघडायला वापरू नयेत.

या कात्रीसाठी मी नऊ वर्षं भांडले आहे. बांधणी खात्यात आमचे मुकादम म्हणत, "बायकांनी घड्या घालाव्यात. कापणं पुरुषांचं काम." एक दिवस त्यांचा हात दुखत होता आणि चारशे वह्या संध्याकाळी जायच्या होत्या. मी विचारलं नाही, कापायला बसले. एकही वही परत आली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यांचं कार्ड करून दिलं. उघडलं की आतून एक उघडी कात्री उभी राहायची. ते हसले नाहीत. मी हसले.

३. माझा कार्डांचा नाद कसा लागला ते इथे नोंदवते, कारण पुढच्या कलमांना ते लागेल. माझे यजमान गेले तेव्हा सांत्वनाची अकरा कार्डं आली, सगळी एकाच छापाची, आत एकच वाक्य. मला त्या वाक्याचा राग आला. उत्तरं द्यायला मी बाजारात गेले नाही. घरातले तीन खण उघडले. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, यजमानांच्या शर्टांची बटणं, भिंतीच्या कागदाचे उरलेले तुकडे, लेसची टोकं. त्यातून अकरा कार्डं केली, अकरा तऱ्हेची. शेजारचे पोस्टमन यजमानांशी बुद्धिबळ खेळत, त्यांच्या कार्डावर बटणांचा डाव मांडला. तेव्हापासून नियम एकच: घरात आहे त्यातूनच करायचं, आणि एकासारखं दुसरं करायचं नाही.

४. लाकडी दोन कपाटं मुलाला द्यावीत, रिकामी.

याचं कारण. गेल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं, मी बारा दिवस इस्पितळात होते. घरी आले तर दोन्ही कपाटांना पांढरा रंग आणि आत काही नाही. कार्डांसाठी सतरा वर्षं जमवलेलं सामान रद्दीवाल्याकडे गेलेलं.

मुलगा म्हणाला, "आई, किती मोकळं वाटतंय बघ."

सून दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन रद्दीवाल्याच्या दुकानापर्यंत गेले. वीस मिनिटांचा रस्ता, मला दीड तास लागला. कागद गिरणीत पोचला होता. "आजी, मला काय माहीत," म्हणाला बिचारा, आणि मला बसायला स्टूल दिलं. परत येताना रडले. हे मुलाला आजवर ठाऊक नाही; आता वाचून कळेल.

पण घर कधी रिकामं होतं का? वॉकर आला त्याचा खोका होता. गोळ्यांच्या चंदेरी पट्ट्या होत्या. माझ्याच खुब्याच्या एक्स-रेची फिल्म होती, आणि रंगाऱ्याने विसरलेलं रंगांच्या नमुन्यांचं पत्रक. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि महिन्याभरात एकतीस कार्डं केली. रंगांच्या पट्ट्यांचे जिने, गोळ्यांच्या पट्टीचा चंद्र, फिल्मच्या निळसर खिडक्या. त्यातलं एक मुलाच्या कचेरीत पाठवलं. आत लिहिलं, "मोकळं वाटतंय का?"

५. त्या कार्डामुळे तो मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी मला घड्याळ काढायला सांगितलं. मी म्हटलं, काढते कशाला, करतेच. पर्समध्ये औषधाचा खोका होता, त्यांच्याकडून कात्री आणि टाचणी घेतली. दहा वाजून दहा मिनिटं. काटे फिरत होते.

"यांना त्रास काय आहे?" डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

"कचरा साठवते."

डॉक्टरांनी एकदा काटा फिरवला. "यात कचरा कुठला?"

मुलाला वाईट माणूस कोणी समजू नये. त्याला आवरलेलं घर आवडतं, आणि मला तो आवडतो. पण दोन्ही एका कपाटात मावत नाहीत.

६. राहतं घर. मंगळवारी मी इथे लिहिलं होतं की सुनेला काहीही देऊ नये, कारण जो गप्प बसतो तोही सामील असतो. ते कलम मी खोडलं आहे आणि वरचं दुसरं कलम नव्याने लिहिलं आहे. खोडाखोडीवर सही केली आहे.

गुरुवारी दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. तिथल्या पाकिटांचा गठ्ठा पुढे ठेवून म्हणाली, "आई, हे आम्ही टाकूनच देतो."

"मला दया नको. आणि बाहेरचं सामान चालत नाही."

"दया नाही हो. मला शिकायचंय." मग थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. घाबरले."

"कोणाला? त्याला?"

"नाही. तुम्ही दोघं भांडलात तर मी कुठे उभी राहू, याला."

हे उत्तर खरं होतं. मी पाकिटं परत दिली आणि विचारलं, "तुझ्याजवळ स्वतःचं काय आहे?" ती आत गेली आणि भरतकामाच्या दोऱ्यांचा डबा घेऊन आली, शाळेत बक्षीस मिळालेला, कधीच न उघडलेला. तिने पहिलं कार्ड केलं. टाके इतके वाईट होते की मला बरं वाटलं.

सबब, घर दोघांना निम्मं निम्मं. मात्र पुढची खोली, टेबल आणि खिडकीसह, सुनेच्या हिश्शात. ती खोली आवरायचा हक्क तिच्याशिवाय कोणालाही नाही.

७. माझी कार्डं काचेत लावू नयेत. उरलेलं सामान आठवण म्हणून जपू नये. ते कापावं, चिकटवावं, संपवावं. माझ्या मागे छापील कार्ड कोणालाही पाठवू नये.

इथवर लिहून झालं तेव्हा मुलगा खोलीत आला. "आई, माझ्याबद्दल काय लिहिलंयस?"

"वाचशील तेव्हा कळेल."

"म्हणजे कधी?"

"घाई आहे का?"

तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा या खोलीत हसला. मग जायला निघाला नाही, म्हणून मी पुठ्ठा आणि कात्री पुढे सरकवली. "उभा राहू नकोस. या पट्ट्या सरळ काप."

त्याने सहा कापल्या. सहाही वाकड्या. त्या मी वापरणार आहे.

लिहून ठेवणार: (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)
२. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, खळ वाळायच्या आत