आक्काच्या पेटीचे कुलूप

निपाणी, फाल्गुन शुद्ध अष्टमी, शके १८५९

सदलगा मुक्कामी तीर्थरूप आक्कास,

तुझा धाकटा भाऊ परशराम याचा, गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच, साष्टांग नमस्कार. तुझा दमा, दाजींचा कान आणि तुमची बैलजोडी बरी असेल असे धरून चालतो, कारण चार वर्षांत तू एका ओळीने कळवलेले नाही. शालूच्या लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून तू रुसून गेलीस ती गेलीसच. (रंग गेला तो तू लुगडे सोड्यात उकळलेस म्हणून, हे माझे म्हणणे आजही कायम आहे.) जाताना माजघरात ठेवलेली तुझी पेटी जागेवर आहे. "ही मी येऊन उघडीन, तवर कुणी हात लावायचा न्हाय," असे तू बजावले होतेस, ते ध्यानात आहे. रोज फडका मारतो. काळजी नसावी.

पत्रास कारण की, आपली शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ती काल मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. हे पहिल्या ओळीत लिहायला हवे होते असे तुझी भावजय जयाबाई पाठीमागून म्हणते आहे. पण मराठी तिसरीपर्यंत मी शिकलो आहे, ती नाही.

काल उजाडताच पोरीला कळा सुरू झाल्या. सुईण अंबुबाई आली. ती अर्धी कानडी, अर्धी मराठी आणि पूर्ण फटकळ, हे तुला ठाऊक आहेच. तिने मला बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून हाकलले. "सुम्न कूडरी" म्हणाली, म्हणजे गप बसा. आता ज्याची एकुलती एक लेक आत कण्हते आहे तो माणूस गप कसा बसेल? मी अधूनमधून दाराशी जाऊन किती वेळ लागेल एवढेच विचारत होतो. सोळाव्या खेपेला तिने मला काम दिले, आणि तिथून घराचे वाटोळे सुरू झाले.

ती म्हणाली, बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, कुलपे उघडायची, म्हणजे लेकराची वाट मोकळी होते. तिच्या मनात दोन-चार गाठी असतील. पण मला अर्धवट काम जमत नाही. मी जयाबाईचा अंबाडा सोडला (ती चुलीपाशी पाणी तापवत होती, पळी घेऊन मागे लागली). आडाचा दोर सोडला, तो पोहऱ्यासकट आडात गेला. खाटेची सुंभे सोडली, तेव्हा खाटेवर आपले जावई बसले आहेत हे ध्यानात आले नाही. (किडकिडीत आहेत, फारसे लागले नाही.) मग जोंधळ्याची पोती, आणि व्यापाऱ्याकडे जायला शिवून ठेवलेले तंबाखूचे चार बोद. बोद उसवायला आणि वारा सुटायला एकच गाठ पडली. शेजारचा गुंडू ओसरीवर भाकरी खात होता, त्याला ज्या शिंका लागल्या त्या अजून थांबलेल्या नाहीत असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

पुढे गोठा. आणि जनावरांच्या गाठी सोडून स्वतःच्या ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून मी अंगरख्याचे बंद सोडले, करगोटा तोडला, आणि धोतराचीही गाठ सोडली. त्यामुळे म्हैस गुंडूच्या वांग्यांत शिरली तेव्हा मी दोन्ही हातांनी धोतर धरून परड्यात उभा. गुंडू शिंकत शिंकत ओरडत होता, "आण्णा, म्हस हाकला की!" हाकलू कशाने? गाठ मारावी तर पोरीची वाट अडायची. अर्धा वाफा गेला. गुंडू माझ्याशी बोलत नाही. अशाने या गल्लीत माझ्याशी बोलणारे कोणी उरणार नाही.

दुपार टळली तरी लेकराचा आवाज नाही. शालूचाही आवाज बारीक होत चालला होता. अंबुबाई बाहेर आली आणि या खेपेला माझ्यावर ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आण्णा, घरात अजून कायतरी बंद ऱ्हायलंय. आठवून बघा."

मी आठवून पाहिले. मग देवाच्या दयेने शालू मोकळी झाली. कशी ते विचारू नकोस.

पोर दिवसभर झोपते आणि मी जवळ गेलो की भोकाड पसरते. सगळे म्हणतात, तुझ्या वळणावर गेली आहे. दाजींस नमस्कार. त्यांच्या चांगल्या कानात सांग.

तुझा
परशराम

ता. क. पेटी जागेवर आहे असे वर लिहिले ते खरे आहे. कुलूप जागेवर नाही. तुझी किल्ली सदलग्यात आणि माझी पोर आत, मी काय करावे? कुऱ्हाड उलटी धरून दोन घाव घातले. (त्या वेळी माझे धोतर जावयांनी धरले होते.) दुसऱ्या घावाला कुलूप पडले आणि आत लेकरू रडले. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही असे जावई म्हणतात. ते इंग्रजी शिकलेले आहेत.

आणखी एक. आत मी पाहणार नव्हतो, पण घाव बसला तसे झाकणही उघडले. त्यात तू आईची चांदी दडवली आहेस असे मला चार वर्षे वाटत होते आणि चारचौघांत मी तसे बोललोही आहे. आत दुपटी निघाली. आईच्या जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची. तीन टोपडी, गुटी उगाळायची सहाण, वेखंडाचा तुकडा. म्हणजे पोरीला हळद लागली तेव्हाच तू हे शिवून आणले होतेस, आणि भांडून गेलीस तरी माघारी नेले नाहीस. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते तंबाखूमुळे. हवे तर गुंडूला विचार.

शेवटचे. पोर तुझ्या हिरव्या दुपट्यात गुंडाळली आहे. नवे कुलूप आणले आहे, पण लावलेले नाही. बारसे वद्य तृतीयेला. आदल्या दिवशी गाडी पाठवतो, तीत बसून ये, नाहीतर मला गाडीबरोबर यावे लागेल आणि गुडघा दुखतो. लुगड्याचा रंग कच्चा होता. दुकानदाराने मला तेव्हाच सांगितले होते.