दमटबाई, बदकाचा टॉवेल आणि माझा डावा गाल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत म्हणून मनातल्या मनात घातलाय, पण पुरता घातलाय). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? आमच्याकडे सगळे खुशाल. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल. पत्राला विशेष कारण असं काही नाही, सहज लिहितोय. (तू भुवई उंचावलीस ती मला इथून दिसली.)

तू लाँड्री सोडून सहा वर्षं झाली, पण ड्रायरची खोली तू ठेवून गेलीस तशीच आहे. तेच चार ड्रायर, तेच तीन पायांवर उभं असलेलं चार पायांचं स्टूल, त्याच हॉस्पिटलच्या चादरी. पद्धतही तुझीच. घड्याळ लावायचं, ते वाजलं की वर 'मनाची दहा' मिनिटं द्यायची, मग मधलाच एक टॉवेल ओढून डाव्या गालाला लावायचा आणि निकाल द्यायचा. हाताला घट्टे पडतात, हात खोटं बोलेल, गाल बोलणार नाही, असं तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. त्या गालाच्या जिवावर मी इथे सव्वीस वर्षं मानाने काढली. नवीन आलेल्यांना साहेब अजून सांगतात, शंका आली तर गालवाल्या काकांना विचारा.

तर दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी एक इंजिनियर मुलगी आणली. आपल्या धाकटीच्या वयाची, पाठीवर पोतं, चपलेचा एक पट्टा दोऱ्याने शिवलेला. तिने तीन नंबरच्या ड्रायरमागे, जिथून गरम हवा बाहेर जाते त्या नळीत, बोटाएवढी एक काडी बसवली. ती काडी म्हणे हवेतला दमटपणा मोजते. कपडे ओले तोवर बाहेर पडणारी हवा दमट; हवा कोरडी झाली की कपडे वाळले, मग ड्रायरची भट्टी आपोआप बंद. घड्याळ नको, मनाची दहा नकोत, गॅस वाचेल. (आणि गालही नको, हे ती बोलली नाही, मी ऐकलं.) आम्ही तिचं नाव दमटबाई ठेवलं. हे नाव मीच ठेवलं असं ती सगळीकडे सांगते, ते खरं आहे.

पहिला आठवडा यंत्राने नुसतं बघायचं आणि मी नेहमीसारखं चालवायचं असं ठरलं. आठवड्याअखेरी तिने कागद पुढे ठेवला. चादरी चौतिसाव्या मिनिटाला वाळत होत्या आणि मी त्यांना अठ्ठावन्न मिनिटं फिरवत होतो. हे वरचे चोवीस कशाचे, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. मी म्हटलं, मनाचे. ती म्हणाली, मनाचे तर दहा ना? मी ड्रायरच्या जाळीत अडकलेला कापूस साफ करायला निघून गेलो, आणि जाळी तर सकाळीच साफ केली होती.

दुसऱ्या आठवड्यात कारभार यंत्राच्या हाती गेला आणि देव मला पावला, असं वाटलं. पहिल्याच दिवशी तीन नंबर थांबेचना. चाळीस मिनिटं झाली, साठ झाली, शंभर झाली. काडी आपली म्हणतेय, ओलं आहे, ओलं आहे. शेवटी हातानेच बंद केला. आतल्या चादरी अशा कडक झाल्या होत्या की एक मी भिंतीला टेकवून उभी केली आणि साहेबांना मुद्दाम बोलावून दाखवली. वर भाषण ठोकलं. माणूस तो माणूस, गाल तो गाल, वगैरे. साहेब म्हणाले, काढून टाका ती काडी. दमटबाईचा चेहरा उतरला. तिची ही पहिलीच नोकरी आणि पहिलंच काम. इथे जमलं नाही तर तिची कंपनी तिला ठेवणार नव्हती, हे मला इस्त्रीवाल्या मावशींनी नंतर सांगितलं.

साहेब वर गेले आणि तिने नळीचं झाकण उघडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आत, काडीच्या अगदी डोक्यावर, माझा टॉवेल. तूच भरलेला, कोपऱ्यात पिवळं बदक असलेला. डब्याआधी हात-तोंड धुवायचं आणि टॉवेल मागच्या झाकणाआड वाळत टाकायचा, ही आपल्या खोलीची तुझ्यापासूनची रीत. हात आपोआप जातो. एरवी एकदाच टाकतो, त्या दिवशी धास्तीच्या घामाने चार वेळा तोंड धुऊन चार वेळा टाकला होता. यंत्र बिचारं खरं तेच सांगत होतं, फक्त चादरींचं नाही, माझ्या टॉवेलचं.

तिने टॉवेलची नीट घडी केली, माझ्या हातात दिली, म्हणाली, काका, तुमचा. मग वर जाऊन साहेबांना सांगितलं की काडीची जागा तिचीच चुकली होती, आठ दिवस द्या. मला फार लाज वाटली, ताई. खरं सांगायला मीही जिना चढलो आणि सहाव्या पायरीवरून उतरलो. घरी हे सगळं सांगितलं तेव्हापासून तुझी भावजय बोलत नाही. शेवटी परवा साहेबांना बदकासकट सगळं सांगून टाकलं. ते हसले, हे जास्त लागलं.

असो. काडी आता आणखी वर बसवलीय, चादरी पस्तिशीच्या आत वाळतात. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. दोन दिवस येऊन जाशील का? सोमवारच्या आत.

ता. क. २. कारण सांगतो. चादरींचं जमलं, पण टॉवेल, अभ्रे, जाड अंगरखे, प्रत्येकाचं 'पुरे' वेगळं, आणि ते यंत्राला एकदा कोणीतरी शिकवावं लागतं. दमटबाई म्हणते, काडीला ओल कळते, पण कुठे थांबायचं ते तुमचा गाल सांगेल. सर्दी झालीय म्हणून मी दोनदा टाळलं, आता सोमवार ठरलाय. सर्दी नाही. गेल्या थंडीपासून माझा डावा गाल बधिर आहे. डॉक्टर म्हणतात नस दबलीय, जिवाला धोका नाही, पण जाणीव परत येईलच असं नाही. मी टॉवेल गालाला लावतो ते लोक बघतात म्हणून, आणि भीती वाटते म्हणून घड्याळ वाढवत जातो. ते वरचे चोवीस त्याचे. उजवा गाल लावून पाहिला, त्याला गार आणि ओलं यातला फरक कळत नाही. हे अजून कोणालाही सांगितलेलं नाही. तुझा गाल दोन दिवस दे. यंत्र तुझ्याकडून शिकलं तर मला वाईट वाटणार नाही, मीही तुझ्याकडूनच शिकलो.

ता. क. ३. बदकाचा टॉवेल सोबत पाठवतोय. धुऊन वाळवलाय. पाकीट उघडल्याबरोबर गालाला लावून बघ, आणि पुरता वाळलाय का, तेवढं कळव.