हाडं आणि शिलाई मशीन

ताई,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. नर्सिंगच्या पहिल्या चाचणीत मात्र आपटले. हाडांची नावं घोकघोक घोकली, तरी पेपरात डोकं कोरं!

मग बाईंनी सांगाडाच पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, "डोळे मिटून एकेक हाड चाचप आणि नाव घे." तासाभरात सगळी पाठ! असं कसं गं होतं?

आईचे गुडघे कसे आहेत?

तू शिलाई मशीन पार सुटं करून परत जोडायचीस. तेव्हा मनात काय चालायचं? कळव. पुस्तक वाचून कळत नाही म्हणून शाळेत तुला 'ढ' म्हणायचे. मीही म्हणायचे. तो शब्द मी परत घेतलाय.

तुझी,
ढ धाकटी