किल्ली चन्नप्पांकडे आहे

मी, बाळाबाई महिपती देठे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिलाईकाम, राहणार अक्कलकोट रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डोळे चष्म्यासह ठीक आहेत. मला कुणी समोर बसून लिहायला लावलेले नाही. समोर बसायला घरात कुणी नाही. शिवयोगी वकिलांनी दिलेल्या नमुन्यात धंद्यापुढे 'घरकाम' छापलेले होते. ते मी खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे.

१. घर. दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची पडवी. माझे यजमान महिपती टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते आणि मी घरी शाळेचे गणवेश शिवत होते. दोघांच्या मजुरीतून हे घर उभे राहिले. ते मी माझा एकुलता मुलगा शिवराज आणि सून अंकिता या दोघांच्या नावे करते. दोघांच्या अशासाठी, की वाईट दिवसांत एकट्या माणसाची सही फार लवकर होते.

२. शिलाई मशीन, पायडलसह. हे शिवराजला द्यावे. त्याला शिवता येत नाही हे मला माहीत आहे. त्याच्या वडिलांनाही येत नव्हते.

शिवराज शाळेत होता तेव्हा कारखाना बंद पडला. खंडेनवमी तोंडावर होती. त्या दिवशी माग धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायची आणि दिवसभर त्याच्यावर काम करायचे नाही, ही कामगारांची रीत. माग मालकाचा असतो, पण पूजा करतो तो चालवणारा. महिपती त्या दिवशीही सकाळी अंघोळ करून मागाच्या मापाची लांब माळ घेऊन निघाले. फाटकाला कुलूप होते. आमचे शेजारी चन्नप्पा तेव्हा तिथे रखवालदार होते. पुढचे त्यांच्याच तोंडून ऐकलेले.

"महिपती, आत काय हाय आता? वीज तोडलीया."

"पूजेला वीज कशाला लागती?"

चन्नप्पांनी जास्त काही विचारले नाही. लहान दार उघडले आणि पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी महिपतींनी मागातला धोटा आणून माझ्या मशीनवर ठेवला. मागावर आडवा धागा नेतो तो; लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, हाताने घासून गुळगुळीत झालेला. म्हणाले, "आता घरात एवढं एकच मशीन." मग पातेल्यात पाणी घेऊन त्यांनी माझे मशीन पुसले, चाकाला कुंकू लावले. तोवर ते मशीन मी एकटीच पुजत आले होते.

त्यानंतर त्यांनी पुष्कळ नोकऱ्या केल्या. टेंभुर्णीला पेट्रोल पंपावर, साखर कारखान्यात हंगामापुरते, मग एटीएमच्या दारात खुर्चीवर. हंगाम संपे, ठेकेदार बदले, पंप विकला जाई. नोकरी असली की त्यांच्या चपला पडवीत दिसत नसत, सुटली की दिसत. बाहेरून येताना मला चपलांवरूनच कळायचे. मी आत येऊन गणवेशाचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवी आणि ते काजे करून बटणे लावीत.

गल्लीतले म्हणायचे, "महिपती, बायकूची बटनं लावतूस व्हय रं?"

ते मान वर न करता म्हणायचे, "व्हय. तुझी तुटली आसतील तर आन. रांगेत ठिव."

ते गेल्याला नऊ वर्षे झाली. बटणे आता मी लावते. वेळ लागतो.

३. थोरले दीर आबासाहेब, मुक्काम करकंब. कारखाना बंद झाल्यावर महिपती शेतात काम मागायला त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी ओसरीवर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "शेर गाटलंस तवा इचारलंस का मला?" महिपती संध्याकाळच्या एसटीने परत आले. जेवताना मला एवढेच म्हणाले, "चहा चांगला हुता." तिथल्या जमिनीत यजमानांचा जो हक्क निघेल तो शिवराजकडे जावा. माझ्या दहाव्याला आबासाहेब येतील, रडतीलही. त्यांना ओसरीवर नव्हे, घरात बसवावे आणि चांगला चहा पाजावा.

४. कागदी फर्मे, म्हणजे कपडा बेतण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रातून कापलेले आकार. हे वाचनालयाच्या लीलाबाईंना द्यावेत. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. वाचायला खरे शिकले ते या फर्म्यांवरून. गळ्याच्या कापात बातमी अर्धी जायची. एका बाहीवर एक गोष्ट होती, ती कोपरापाशी संपायची. पुढे काय झाले हे कळेना म्हणून मी वाचनालयाची पायरी चढले. लीलाबाईंनी हसू दाबले आणि एक आख्खे पुस्तक हातात दिले. ती बाहीवरची गोष्ट मात्र अजून सापडलेली नाही. त्यांनी शोधत राहावे.

५. पोस्टातली शिल्लक नात उर्वीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावे हे कुणी ठरवू नये. शाळा बंद होत्या त्या साथीच्या वर्षी गणवेशाचे काम एका दिवसात थांबले, तेव्हा मी मास्क शिवले. कुठले काम कधी थांबेल हे सांगता येत नाही. तिला दोन कामे यावीत, एवढेच म्हणणे आहे.

६. टीव्ही भंगारात द्यावा. मी तो बघत नाही. मशीन थांबले की घर फार ऐकू येते, म्हणून लावून ठेवते.

७. धोटा. हाही शिवराजला. त्याचे कारण लिहिणे भाग आहे.

शिवराज पुण्यात एका कंपनीत संगणकावर काम करतो. कारखाना बंद पडल्यानंतर मशीनला माळ घालण्याचा मान त्याचा असे. पुण्याला गेल्यापासून दर खंडेनवमीला तो कंपनीच्या लॅपटॉपला कुंकू लावून मला फोटो पाठवतो आणि मी माझ्या मशीनचा त्याला पाठवते. यंदाही फोटो आला. लॅपटॉप, कुंकू, दोन झेंडू. कोपऱ्यात उर्वीचा हात होता, प्लास्टरमध्ये.

उर्वीचा हात मोडला होता गेल्या वर्षी. या उन्हाळ्यात त्याच हाताने ती माझ्याकडून बटण लावायला शिकून गेली.

मी फोन केला. दुपारची वेळ होती.

"मशीन पुजलंस का?"

"पुजलं की गं आई. फोटो बघितला नाहीस?"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"ऑफिसात कुकर लावतात होय रे?"

"आज घरूनच काम आहे."

"खंडेनवमीला काम करत नसतात."

तो हसला. हसू वडिलांचेच आहे, अर्ध्यात थांबते. मग त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याला मी गुडघ्यांचे सविस्तर सांगितले. त्याला तेच ऐकायचे होते.

शिवराज, तुझ्या वडिलांकडे माझ्यापुढे ठेवायला धोटा होता. तुझा लॅपटॉप कंपनीचा, तो परत गेला असणार. तुला ठेवायला काही राहिले नाही म्हणून तू गेल्या वर्षीचा फोटो पाठवलास, असे मी समजते. चूक असेल तर हे कलम फाडून टाक.

८. किल्ली. घराची दुसरी किल्ली मी आज चन्नप्पांकडे दिली आहे. शिवराज, अंकिता, उर्वी यांपैकी कुणीही, सामानासह किंवा सामानाशिवाय, कधीही आले तर ती त्यांनी द्यावी आणि कशासाठी आलात हे विचारू नये. त्यांना ते जमते. मी घरात असले तरी दार वाजवू नये, किल्लीनेच उघडावे. वाजवले तर मला उघडावे लागेल, आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर प्रश्न असतोच.

शिवयोगी वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रातलं कलम तुमच्या माघारी लागू होतं. हे इथं बसत नाही."

मी म्हणाले, "बाकीची सात माघारी लावा. हे आजपासून."

"कायद्यात तसं नाही."

"नसू द्या. कागद मात्र हाच राहील."

या कागदाची एक प्रत आज टपालाने पुण्याला जात आहे. फोनवर सांगितले असते तर तो "काही नाही गं" म्हणाला असता आणि मला गुडघ्यांवर बोलावे लागले असते.

पडवीतली कुंडी हलवून चपलांना जागा केली आहे. चपला दिसल्या की मला कळेल. दिवाळीनंतर गणवेशाचे काम सुरू होईल आणि बटणे बरीच लावायची आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

स्थळ : सोलापूर
दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

(सही) बाळाबाई महिपती देठे

साक्षीदार :

१. लीला गोपाळ सबनीस, ग्रंथपाल. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाहीवरची गोष्ट शोधत आहे.

२. चन्नप्पा शिवलिंगप्पा बिराजदार, शेजारी. माझ्यासमोर सही केली. किल्ली मिळाली.