कुलूप काढल्याचा खर्च

बालाघाट,
गुरुवार, १९६४

तीर्थरूप सासूबाईंस कालिंदीचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची आणि म्हशीची तब्येत कशी आहे? (गुडघे आधी विचारले, याची नोंद घ्यावी.) बाळ चार महिन्यांचं झालं. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

बारशाला तुम्ही सांगून गेलात, "नोकरी सोड, पोराले पाह्य." मी माहेराहून परतल्याबरोबर तुमच्या चिरंजीवांनी कॅलेंडरच्या पाठीवर अंदाजपत्रक मांडलं. माझा शाळेचा पगार बुडाला तरी बाळ सांभाळणाऱ्या बाईचा पगार, शाळेत नेसायची लुगडी आणि (हे मला झोंबलं) दमून आल्यावर मी पिते तो चहा, एवढं वाचतं म्हणे. तूट उरली चाळीस रुपये. ती ते पान सोडून भरून काढणार होते. चाळीस रुपयांचं पान खायला माणसाला दोन तोंडं लागतील. तरी म्हटलं, आधी महिनाभर बिनपगारी रजा घेऊन पाहू.

तर झालं असं. आम्ही दोघं कामावर जायचो तेव्हा घराला दिवसभर कुलूप. तुमच्या कटंगीहून कोर्टाच्या तारखेला येणारी आपली माणसं ते पाहून खानावळीकडे वळायची. आता कुलूप निघालं, आणि सून घरीच असते ही बातमी आठवडी बाजारात पसरली. (पसरवणाऱ्याचं नाव मी घेत नाही, येणारे सगळे तुमचंच घेतात.) पहिले आले तुमचे बंधू डोमाजीमामा. शेताच्या धुऱ्याचा खटला, बांध कुणाचा यावर. जेवले, कोर्टात गेले, परत आले. "तारीख वाढली, सूनबाई. भात हाय का?" त्यांच्या पाठोपाठ, त्यांच्यावर खटला भरणारे चैतरामजी, ज्यांना पाण्यालाही विचारू नकोस असं तुम्ही बजावलं आहे, तेही दारात. दारी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? वादी-प्रतिवादी एका पंगतीला बसले. धुऱ्यावर जमलं नाही, पण वांग्याच्या भाजीवर एकमत झालं. आता वकील म्हणतो, "निपटा लो," तर दोघं म्हणतात, "काहून? पुढच्या तारखेले पाहू."

महिन्याचे तांदूळ अर्ध्या महिन्यात संपले. चिरंजीवांनी पान खरंच सोडलं, आणि कॅलेंडर पुन्हा टांगलं, आकडे भिंतीकडे करून. अशी बचत चालू राहिली तर मला आणखी एक नोकरी धरावी लागेल.

थट्टा सोडून सांगते. मला शाळा सोडवत नाही. चौथीच्या मुली रस्त्यात गाठून "बहनजी, कब आओगी?" विचारतात तेव्हा मी तिथंच उभी राहून त्यांचे पाढे घेते. पण बाळाला परक्या बाईच्या हाती देऊन दारातून पाय निघणार नाही. काय करू, ते तुम्हीच सांगा.

तुमची आज्ञाधारक (हसू नये) सून,
कालिंदी

ता. क. येत्या सोमवारी कामावर हजर होईन, असं मी शाळेत सांगून बसले आहे. मामा आणि चैतरामजींची कोर्टाची तारीखही सोमवारीच आहे. तुम्ही बाळाला घेऊन घरात दिसलात तर चैतरामजी उंबरा चढणार नाहीत, आणि मामांना तुम्ही वाढाल तेवढाच भात मिळेल. एवढ्यावर आमचं अंदाजपत्रक बसतं.

आणखी एक. म्हशीची सोय मामांच्या गोठ्यात झाली आहे. तिसऱ्यांदा भात वाढताना विचारलं, तेव्हा त्यांना नाही म्हणवेना.

आणि शेवटचं. बाळ कपाळाला थेट तुमच्यासारखी आठी घालतं. यायचं नसेल तर तसं पत्रात कळवू नये. रविवारच्या मोटारीने येऊन तोंडावर सांगावं.