झापाची होडी

रविवार, १ डिसेंबर

आज सामान आणलं. एका टेम्पोत सगळं बसलं, तरी काशिराम दर वळणाला मागं बघत होता, जसं काय सोनंच भरलंय. उरण सोडलं ते बरं झालं. तिथं जाळ्यात आता मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. इथं पनवेलच्या खाडीवर, बांधाला लागून दोन खोल्या, नळ दारात, पत्रा नवा, खिडकी थेट पाण्यावर. समोर गवताची बेटं, त्यांच्या मागं तिवरं, लांब खारघरच्या बिल्डिंगा. आमची लेक रोशनी रोडपालीला दिलीय, रिक्षानं वीस मिनिटं. तिला फोन करून सांगितलं, आता आठवड्यातून दोनदा यायचं, कारणं नकोत. ती बोलली, आई, अजून चूल पेटवली नाय आणि हुकूम सुरू.

काम महमूदभाईंचं. पंचवीस वर्षं कुवेतला होते, आता त्यांच्या होड्या हायत. थंडीत खाडीत बदकं उतरतात, त्यांचे फोटो काढायला लोक येतात. होडी गवतानं झाकायची आणि आत माणूस लपवायचा. होडी हाकायची काशिरामनं, वरचा गवताचा झाप बांधायचा मी. ही वही पण त्यांनीच दिली. पाणी कधी भरलं, कधी सुकलं, बदकं किती, रोज लिहा भाभी, बोलले. मी चौथी पास. बदकांचं मागच्या पानांपासून लिहीन, पुढून माझं. कोणाला पेपर तपासायचाय.

सुके बोंबील भाजले. काशिराम दोन भाकऱ्या जास्त जेवला आणि खिडकीत बसून पाणी बघत राहिला. मी बोलले, पाणी कधी बघितलं नाय काय. हसला नुसता.

मंगळवार, ३ डिसेंबर

झाप बांधून झाला. दोन दिवस पाठ मोडली. होडी अठरा फुटी. आधी बांबूच्या कामट्या वाकवून दोन्ही काठांना बांधल्या, वर जुनं जाळं ताणलं, आणि जाळ्याच्या डोळ्यांत पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या पेंढ्या अडकवल्या. महमूदभाई बापाकडून शिकलेत, शेजारी उभं राहून डोकं खात होते. सगळं हिरवं लावू नका, चार दिवसांनी पिवळं पडतं आणि लांबून कळतं. शेंडे एका रेषेत नकोत, गवत कधी रांगेत उगवत नाय. खाली चिखल थापा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढं चार बोटांची फट ठेवा, जास्त नको. मी बोलले, भाई, तुमी बांधता की मी बांधू? तेव्हा गेले चहा प्यायला.

गाठ मी माझी मारली. आमच्या घरात जाळं शिवताना मारतात ती, उलटा वेढा घेऊन. माझ्या आयेची. दुसऱ्या कोणाला येत नाय.

पाण्यात सोडली तर काशिराम कमरेवर हात ठेवून बघत राहिला. बोलला, तिथंच उगवल्यासारखी वाटते गो. तो एवढं बोलला म्हणजे दिवाळी.

शनिवार, ७ डिसेंबर

वाटलं होतं होडी लावली की बसायचं. तसं नाय. चार दिवस ती रिकामीच उभी. बदकांना सवय व्हायला लागते. मग रोज पहाटे काशिराम लहान होडक्यातून जातो आणि तिला त्यांच्याकडं एक हात सरकवतो. एकच हात. जास्त सरकवली तर उडतात. रोज एक हात सरकलं तर त्यांना वाटतं, हे गवत इथं पहिल्यापासूनच हाय.

महमूदभाईंनी थर्माकोलची बदकं दिली, रंगवलेली. पोटाला दोरी, दोरीला दगड. वारा येईल तिकडं तोंड करून आपोआप फिरतात. ती होडीपुढं मांडायची, पण मधी जागा रिकामी ठेवायची, खरी बदकं उतरायला. मी दोन जरा तिरकी बांधली तर महमूदभाई ओरडले. खोटं बदक शांत दिसलं पाहिजे, बोलले, घाबरलेल्याजवळ कोण उतरत नाय. आपलं माणूस निवांत बसलेलं दिसलं की खरं येतं.

काशिरामला सांगितलं, तुला बसवायला पायजे तिथं, तुझ्याएवढं निवांत कोण नाय.

गुरुवार, १२ डिसेंबर

फोटोवाले दोन साहेब आले, मोठ्या गाडीतून. पहाटे काशिरामनं त्यांना झापात बसवलं. पिशव्या लांबलचक होत्या. सात वाजता ठो ठो आवाज आला आणि सगळी खाडी उडाली.

फोटो, म्हणे. मी महमूदभाईंना दारात गाठलं. बंदुकीनं पाखरं मारायला बंदी हाय हे मला चौथी पासला ठाऊक, तुमाला नाय? ते बोलले, भाभी, आवाज कमी, दोन-चार बदकांनी काय होतं, अब्बाच्या वक्ताला तर पाट्या भरून जायच्या. काशिराम खाली बघत होता. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला सांगितलं असतं तर मी आलेच नसते, म्हणून सांगितलं नाय. त्याला ही खिडकी आवडली होती.

नऊ बदकं. पिसं मीच काढली. एक जिवंत होतं, मान मीच मुरगळली. आणि रात्री रस्सा मी पण खाल्ला, खोटं कशाला लिहू.

रविवार, १५ डिसेंबर

सकाळी खिडकीतून बघितलं तर झापाच्या होड्या दोन. एक आपली, एक पार तिवरांच्या कडेला. माझ्या मेहनतीवर दुसरं कोण आणलं, म्हणून महमूदभाईंना विचारायला गेले. ते बोलले, दुसरी होडीच नाय माझ्याकडं. बघायला आले. बेट असेल भाभी, उधाणाच्या पाण्यानं सुटून आलेलं.

असेल. पण बेटाचे शेंडे कोण असे खालीवर लावतं?

सोमवार, १६ डिसेंबर

सरकलंय. एक हात.

काशिराम नको नको बोलत गेला बघायला. मी खिडकीतून बघत होते. होडकं घेऊन चारी बाजूंनी फिरला, हात घातला, आणि परत आला. बोलला, गवतच हाय. खाली होडी नाय, काय नाय, नुसतं पाणी. आत शिरायला तोंड नाय. एवढंच सांगितलं आणि नळावर जाऊन हात धुवत बसला. साबण संपवला. मी ओरडले तेव्हा बोलला, गाठ तुझी हाय गो. उलट्या वेढ्याची.

मी बोलले, येडा झालास. मी नाय बांधलं.

बोलला, ते मला ठाऊक हाय.

मागच्या पानावर बदकांच्या जागी शून्य लिहिलं. एक पण नाय खाडीत.

बुधवार, १८ डिसेंबर

काशिराम पहाटे झापाची होडी काढायला गेला. इथून निघायचं आमचं ठरलं होतं. मीच बोलले, जायच्या आधी महमूदभाईची होडी किनाऱ्याला लावून ये, उगा कोणाची वस्तू बुडायला नको. मीच बोलले.

दहा वाजले तरी नाय. होडकं बांधाला येऊन टेकलं, आत वल्हं, त्याची कानटोपी. तो नाय.

महमूदभाईंना बोलावलं. त्यांनी पहिलं काय केलं असेल? आपल्या होडीवरचा झाप उपटून पाण्यात सोडला. पोलीस येतील म्हणून. माझा माणूस पाण्यात आणि यांना गवताची पडली. मी त्यांच्या शर्टाला धरलं, नाय ते बोलले. कुबराभाभी, त्यांची बायको, मधी पडली, ती पण रडत होती.

चौकीतले आले, बोट आणली, दुपारभर फिरले. बोलले, चिखलात पाय अडकला असेल, दोन दिवसांत वर येईल. असं सांगतात बायकोला. मी बोलले, ते गवत बघा, ते तिकडचं, त्याच्या आत बघा. बोटीतला बोलला, मावशी, कुठलं? सगळीकडं गवतच हाय.

मी बोट दाखवून दाखवून हात दुखला.

शुक्रवार, २० डिसेंबर

दिसला.

दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात. गवतापासून दहा हातांवर, छातीपर्यंत पाण्यात बसलेला. तोंड माझ्याकडं नाय, वाऱ्याकडं. मी ओरडत बांध उतरले, मांडीपर्यंत चिखलात गेले. काशिराम, ए काशिराम, हात दे रे. ऐकू येण्याएवढा जवळ होता. वळला नाय. चेहरा निवांत. खिडकीत बसायचा तसा.

मग वारा फिरला. तो पण फिरला. सबंध फिरला, मान न हलवता, हळू. आणि मला समजलं, तिथं बसल्या माणसाच्या छातीला लागेल एवढं पाणीच नाय. ओहोटी होती. पाणी घोट्याएवढं.

मी परत आले. आपल्या माणसाला तिथं ठेवून परत आले. चिखलातून पाय काढून, उलट्या पावलांनी.

महमूदभाईंना आणून दाखवलं. एकदा बघितलं त्यांनी. तासाभरात घराला कुलूप आणि दोघं गाडीत. कुबराभाभीनं काचेतून हात जोडले मला.

शनिवार, २१ डिसेंबर

मी जाऊ शकते की. टेम्पो बोलावला तर अर्ध्या तासात येईल. दोनदा फोन हातात घेतला.

पण तो तिथं हाय. बसलाय. थंडी हाय आणि अंगात नुसता बनियन. सत्तावीस वर्षं त्याचं अंग पुसलं मी, तापात, दारूत. खोटा हाय, ठाऊक हाय मला. पण त्याच्या पोटाला जी दोरी असेल तिच्या टोकाला खरा असेल तर?

आज त्या दोन साहेबांतला एक पण बसलाय. काशिरामपासून लांब. दोघांच्या मधी जागा सोडलीय.

मी जाणार नाय. मांडणी मला कळते. माझ्यासाठी हाय ती, आणि मी नाय जाणार.

रविवार, २२ डिसेंबर

रोशनीला कोणीतरी सांगितलं. बाबा हरवला आणि मला कळवलं नाय, म्हणून फोनवर रडली. बोलले, येऊ नकोस. मी येते तुझ्याकडं, उद्या, तू इथं पाय ठेवायचा नाय, तुला माझी शपथ. का, बोलली. काय सांगू? बोलले, बाबा पाण्यात दिसला तर बाबा नाय तो. ती हळू आवाजात बोलली, आई, तू जेवलीस काय?

येडी समजली मला.

गवत बांधाखाली आलंय. हे भांगाचं पाणी, कमी भरतीचं, बांधापर्यंत पोचत पण नाय. तरी.

सोमवार, २३ डिसेंबर

पिशवी भरली. दार उघडत नाय.

बाहेरून गच्च दाबलंय. फटीतून लव्हाळ्याचे शेंडे आत. सुरीनं कापते तर मागं अजून. खिडकीला गज. गजांवर पाणकणीस, वरून खालपर्यंत, मधी चार बोटं मोकळी.

गाठी दिसतात. माझ्या.

ओरडून घसा बसला. बांधावरून दोन पोरं सायकलवरून गेली. इकडं बघितलं पण. त्यांना घर दिसलंच नाय. गवत दिसलं.

फोन लागतो. चौकीत लावला. पत्ता सांगितला. माणूस येऊन गेला, मी त्याचं डोकं बघितलं फटीतून. फोन करून बोलला, मावशी, इथं खोली कुठाय?

मंगळवार, २४ डिसेंबर

रोशनी रिक्षातून उतरली. शपथ घातली होती मी—

फोन केला. उचलला. बोलले, माघारी जा, आत्ताच्या आत्ता. ती बोलली, आई, तू कुठून बोलतेस?

बोलले, घरातून.

बोलली, काय पण काय. समोर तर दिसतेस, बाबाच्या बाजूला. तुमी दोघं पाण्यात काय करता?

फटीला डोळा लावला—

हीच साडी. हाच पदर. मी कधी एवढी निवांत बसत नाय. रोशने, बघ ना गो, तुझी आई कधी अशी गप्प बसली काय, कधी तरी—

फोनमधी ओरडले. तिनं ठेवला. हसत होती. रडत आणि हसत, बाबा सापडला म्हणून.

परत लावते. वाजतोय. बांधावर वाजतोय, चपलांजवळ—

गज हलत नाय. पलंगाची पट्टी काढून मारली, हात फुटला. लिहिते कारण हात थांबला की मी—

गुडघ्यापर्यंत गेली. थांबली. मागं बघितलं तिनं, इकडं, माझ्याकडं. सरळ माझ्या डोळ्यांत. मी बोटं बाहेर काढली फटीतून, हलवली, रोशने, रोशने—

तिला वाटलं वारा.

वळली. मधल्या मोकळ्या जागेकडं—

कमरेपर्यंत. हात पुढं केलाय, माझ्या हाताला. मी तिथून हात देत नाय, ती मी नाय, रोशने ती मी