घारकड्याचा कौल

७ डिसें., रवि.

येळ्ळूरच्या गडाखाली कातळ चढायचा सराव. बोटांची सालं निघाली. आंघोळीत साबण लागला तेव्हा आई आठवली. खालनं विन्यानं रोप धरलेला. कॉलेजपासनं तोच धरतोय. दोनदा पडले, दोन्ही वेळा गड्यानं अलगद झेललं.

पण येळ्ळूर आता नको वाटतंय. डोक्यात नुसता घारकडा. कणकुंबीच्या पुढं, जंगलात. अजून कुणी चढलेलं न्हाय. मला चढायचाय, पैल्यांदा, फेब्रुवारीतलं ऊन तापायच्या आत. बस्स. दुसरं कायबी सुचत न्हाय. फॉरेस्टची परवानगी आली एकदाची.

विन्या म्हणाला, "एक ऱ्हायलंय. कड्याखाली राखणदार हाय. त्याचा कौल घेतल्याबिगर गावातलं कुणी मध काढायला बी जात न्हाय."

"तू जा. मी दगडापुढं हात जोडणार न्हाय. आमच्यात देव न्हाईत, म्हाईत हाय की तुला."

"म्हणूनच म्हणतोय. तू नको येऊस, मी बघतो."

बरं झालं म्हटलं. कटकट गेली.

१० डिसें.

साइटवर स्लॅब. सकाळपासनं उभी. मन कुठं, काँक्रीट कुठं. दुपारी विन्याचा फोन, "उजवं दिलं गं! उजवं!"

गुरवानं पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं, उजवीकडचं आधी पडलं. म्हणजे जावा म्हणाला. देव मानत न्हाय तरी मिक्सरच्या आवाजात नाचले. गवंडी बघत बसलेले.

संध्याकाळी निपाणीला घरी फोन. अण्णा रिटायर मास्तर, टोमणा मारल्याबिगर जेवण पचत न्हाय त्यांना. "देवानं रजा दिली म्हणतीस. साहेबानं दिली काय?"

१४ डिसें., रवि.

कडा!!

विन्याच्या मोटरसायकलवरनं. जांबोटीत चहा, पुढं धुकं, हात बधिर. पैला टप्पा मी चढले. कातळ पक्का, पण गवताचा पुंजका धरला की मुळासकट हातात. एका चिरेत हात कोपरापर्यंत गेला, आतनं गार वारा येत हुता. कुठनं येतोय कुणास ठाऊक. चांगल्या पायरीपर्यंत पोचले. वर कातळ असा पुढं आलाय की मान मोडली तरी वरचं दिसत न्हाय. तिथंच सगळा खेळ हाय. कातळात बोल्ट ठोकला, त्यात रोप अडकवून खाली आले. दिवस संपला.

जेवण गुरवाकडं. आप्पा म्हणतात त्याला, बायकोला आक्का. आक्कानं चुलीपुढंच बसवलं. नाचण्याची भाकरी, कुळथाची पिठी. लई भूक लागलेली, चार भाकऱ्या हाणल्या. आक्का खूश. कपाळाला कुंकू लावलं. लावू दिलं, म्हातारं माणूस.

मधीच म्हणाली, "काकांची मळणी झाली काय गं?"

व्हय म्हटलं. कुणाचे काका?

१७ डिसें.

झोप न्हाय. डोळे मिटले की तो पुढं आलेला कातळ. ऑफिसात बीमच्या ड्रॉइंगवर मागनं त्याचंच चित्र काढलं, साहेबानं उलटं करून बघितलं. "हे काय?" "छज्जा, सर."

डावीकडनं एक चीर हाय. तिथनं जमंल. जमायलाच पायजे.

आन ते काका कोण, च्यायला?

२१ डिसें., रवि.

अक्षर घाण येतंय.

सकाळी आक्काकडं शेजारीण आलेली. आक्का माझ्या पाठीवर हात ठेवून तिला म्हणती, "ही विनायकाची चुलत भैण. खानापूरच्या पाटलाची पोर. वाघीण हाय."

भाकरी तोंडात. गिळता येईना, थुंकता येईना. विन्याकडं बघितलं. तो ताटात बघायलाय.

कड्याखाली गेल्यावर इचारलं. विन्या म्हणतो, "गाऱ्हाण्यात घराण्याचं नाव घ्याय लागतंय. आप्पानं इचारलं, पोर कुणाची? मग काय सांगू? कांबळे म्हटलं असतं तर त्यानं फूलच लावलं नसतं."

"म्हणून पाटील केलास मला?"

"तुला चढायचं हुतं न्हवं? आन खोटं काय त्यात? माझ्या घरात जेवतीस, आई तुला लेक म्हणती..."

"तुझी आई मला सुजाता कांबळे म्हणून लेक म्हणती, मुडद्या!"

रागाच्या भरात चढाय गेले. पैल्या टप्प्यावरच पाय शिवणयंत्रागत हलाय लागले. जिथं गेल्या खेपेला हसत गेलते तिथं हात सुटाय लागला. उतरले. रोप गोळा केला. परत त्याच मोटरसायकलवर त्याच्याच मागं बसून यायचं! जांबोटीत थांबला, चहा म्हणाला. मी मान फिरवली. 

चार भाकऱ्या खाल्ल्या मी त्या घरात. त्या कुणाला वाढल्या?

२२ डिसें.

सगळा राग विन्यावर काढून झाला. आज मुकादमावर, रिक्षावाल्यावर. उरलेला माझ्यावर. "मी न्हाय येणार" म्हणाले, पण कौल तर पायजेच हुता की मला. ताकाला जायचं आन भांडं लपवायचं. तो तिथं काय सांगून आला, एका शब्दानं इचारलं न्हाय.

अण्णांना सांगितलं. वाटलं, पेटतील. पेटले न्हाईत. मग म्हणाले, "तुझ्या जन्माआधी बेळगावात खोली बघत हुतो. चार ठिकाणी आडनाव इचारलं आन खोली संपली. पाचव्या ठिकाणी म्हटलं, मास्तर म्हणा. मिळाली. तू तिथंच रांगलीस."

"मग?"

"मग काय. पोस्टमन दिसला की तुझी आई जिना उतरून पळायची. त्यानं नावानं हाक मारायच्या आत."

हे मला कधी सांगितलं न्हवतं. आईनं बी न्हाय. मी काय बोलले आठवत न्हाय. फोन ठेवून रडले.

२६ डिसें.

विन्या साइटवर आला. हेल्मेट घालून वाळूच्या ढिगावर बसला. थोबाड सुकलेलं.

"चुकलं म्हणतोय न्हवं."

"मग आप्पाला जाऊन सांग."

"सांगितलं की कडा गेला. दोन वर्षं त्याच्यासाठी जीव टाकायलीस."

"जाऊ दे गेला तर."

असं म्हटलं खरं.  जाऊ दे वाटत न्हाय मला. अजिबात न्हाय.

मग तो जे बोलला ते डोक्यातनं जाईना. "तुला देव न्हाय, तुझं बरं हाय. मी मानतो. मी त्याच्यापुढं उभं ऱ्हाऊन खोटं बोललोय, सुजे. त्या दिवशी तू वर चढताना तुझा पाय हलाय लागला आन मला वाटलं, आता तुला पाडतोय. माझ्यापायी. रोप घामानं भिजला नुसता."

"बोलायच्या येळंला भ्या वाटलं न्हाय?"

"वाटलं की. पण तू नाराज झाली असतीस त्याचं जास्त वाटलं."

गाढव. येडं गाढव. मारावा का जवळ घ्यावा कळंना. स्लॅबवरनं कुणीतरी हाक मारली म्हणून सुटले.

४ जाने., रवि.

एकटी गेले, बसनं. विन्याला सांगितलं न्हाय.

आप्पा अंगणात दोरी वळत बसलेले. आक्का हसत बाहेर आली, "ये गं बाय." उंबऱ्याबाहेरच उभी ऱ्हायले. वाटेत लई तयारी केलती, सगळी इसरली. एका दमात म्हटलं, "आप्पा, मी पाटलाची न्हवं. मी निपाणीची कांबळे. विनायकानं खोटं सांगितलं. मला म्हाईत न्हवतं, पण आता म्हाईत हाय, म्हणून आले."

आक्काचं हसू तिथंच ऱ्हायलं. रागावली बी न्हाय. 

आप्पांनी दोरी खाली ठेवली. जात काढतील, शिव्या घालतील, वाटलं. त्यांनी इचारलं, "मग ते उजवं कुणाला दिलं रं देवानं?" मला न्हवं, सोताशीच. खरंच कोड्यात पडलेले.

मग म्हणाले, "गावाला इचाराय पायजे."

आक्कानं पाणी दिलं. स्टीलच्या तांब्यातनं, पेल्यात. प्याले. निघाले. वळून बघायचं न्हाय म्हटलं आन बघितलंच. पेला आत नेला न्हाय, धुवायला बी टाकला न्हाय. पायरीवर तसाच. आक्का त्याच्याकडं बघत उभी.

बसमध्ये खिडकीतनं कडा दिसला. वरचा पुढं आलेला भाग उन्हात. त्या डावीकडच्या चिरंनं खरंच जमंल. असल्या वेळंला बी माझं लक्ष तिथंच. लाज वाटली. तरी वळण येईपर्यंत बघितलं.

८ जाने.

काय न्हाय. गावाकडनं काय कळतंय का म्हणून फोन हातात घेऊन बसायचं, ठेवायचं, परत घ्यायचं. जेवणात चव न्हाय. साइटवर कन्नडात भांडले, मराठीत भांडले, समाधान न्हाय.

संध्याकाळी आप्पांचा विन्याला फोन; मी जाऊन सांगून आले हे त्याला तेव्हाच कळलं. गाव आता ह्या सालात परत कौल लावणार न्हाय. चढू नका असं बी कुणी म्हणत न्हाय, चढा असं बी न्हाय. तुमचं तुम्ही बघा.

विन्या मला फोनवर म्हणाला, "कौल न्हाय तर मी रोप धरणार न्हाय. दुसरं कुणी बघ. क्लबातली चार पोरं उड्या मारत येतील."

येतील की. चांगली हाईत, रोप बी नीट धरतात. पण त्या कातळाखाली, पाय हवेत असताना, खाली विन्या न्हाय ही कल्पनाच नको वाटती. आन हे त्याला तोंडानं सांगायचं म्हणजे जिवावर येतंय. शेवटी सांगितलं. म्हटलं, "धरू नको. नुसता चल माझ्यासंगं."

 "बघतो," म्हणाला.

११ जाने., रवि.

कड्याखाली. पाठ धोंड्याला टेकून लिहायलेय.

आला. साडेपाचाला दारात मोटरसायकलचा आवाज.  जांबोटीत ह्या खेपेला चहा घेतला. गावातनं येताना आप्पांचं दार बंद. मळ्यात गेले असतील, न्हायतर नसतील बी.

इथं आल्यावर सामान टाकलं आन विन्या सरळ राखणदाराकडं गेला. मला वाटलं, पाया पडून येईल. चप्पल काढून ताठ उभा ऱ्हायला. संगं गुरव न्हाय, नारळ न्हाय, फूल न्हाय. आन मोठ्यानं, गुरव घालतात तसं, सगळ्या राईत ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं:

"बा राखणदारा, मागल्या खेपेला मी खोटं बोललो. ही माझी चुलत भैण न्हवं. ही सुजाता अर्जुन कांबळे, निपाणीची. हिला तुझा कडा चढायचाय. आता काय ते सांग."

 वरनं दोन पाखरं उडाली. बाकी सगळं गप्प.

फूलच लावलं न्हाय तर पडणार काय? पण तो हटंना. अजून तिथंच उभा हाय, पाषाणाकडं बघत.

मी हार्नेस घातला. रोपाचं माझ्याकडचं टोक बांधलं, गाठ तपासली. दुसरं टोक गवतात पडलंय; विन्यानं आपणहून उचललं तरच चढायचं. ऊन पैल्या पायरीवर आलं. आत्ता निघालं तरच दिवस पुरंल.

तो वळंना. मी बी हाक मारंना.